सगळे चॅनेल फुकट?

गल्फहून आलेल्या वस्तूला आपल्या कोकणातल्या घरांत नेहमीच मान मिळत आला आहे. ज्या घरातला माणूस कुवेत-मस्कतला, त्या घरात आधी टू-इन-वन यायचा, मग व्हीसीआर. टू-इन-वन नुसता गाणी ऐकायला नव्हता. तिकडची माणसं कोऱ्या कॅसेटवर आपला आवाज भरून पाठवायची आणि इथं सगळं घर माजघरात बसून ते बोलतं पत्र ऐकायचं. ज्या आयांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी तर मुलाचा आवाज म्हणजेच मुलाची भेट. पुढं व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, छपरावर डिश आली. वस्तू बदलल्या, पण एक समज तसाच राहिला: तिकडची वस्तू म्हणजे चांगलीच असणार. त्या काळी तो बराचसा खराही होता.

यंदा पाऊस ओसरताना मुलांच्या अब्बांनी कुवेतहून फोनवर सांगितलं, "एक बॉक्स पाठवतोय. टीव्हीला जोडायचा, इंटरनेट लावायचं, बस्स. हजारो चॅनेल, नवे पिक्चर, क्रिकेट, सगळं फुकट. एकदाच पैसे भरायचे." आमच्याच मोहल्ल्यातला एक जण पंधरा दिवसांनी सुट्टीवर यायचा होता, त्याच्या सामानातून तो बॉक्स येणार होता. थोरला ऐकताच उड्या मारायला लागला. यंदा दहावीला आहे, पण क्रिकेट म्हटलं की वय विसरतो. मी म्हटलं, "जरा थांबा. आधी मला नीट बघू द्या."

मी गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. कागदावर आकडे मांडल्याशिवाय माझं मन कशालाच होकार देत नाही. हा बॉक्स तर घरात चोवीस तास राहणार होता.

सगळ्यात आधी मी लिहून काढलं, की घरात टीव्ही पाहणार कोण. थोरल्याला क्रिकेट आणि अभ्यासाचे व्हिडिओ. धाकटी दुसरीत आहे, तिला कार्टून. मला स्वयंपाकाचे व्हिडिओ आणि कधीमधी एखादा जुना चित्रपट. आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई.

अम्मींचं थोडं सांगायला हवं. २०२० च्या मार्चमध्ये त्या आणि सासरे उमराहला निघणार होते. बॅगा भरलेल्या होत्या. २७ फेब्रुवारीला सौदी सरकारनं बाहेरून येणाऱ्यांचा उमराह थांबवला. मग टाळेबंदी आली, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या छपरावरची डिश कुठं जाऊन पडली ते आजवर कळलं नाही. दापोली तालुक्यातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या वर्षी सासरे गेले. आता अम्मींचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर चांगली आहे. इशाची नमाज झाली की मोबाइलवर मक्केचं थेट चित्र लावून बसतात. पण तळहाताएवढ्या पडद्यावर माणसं मुंग्यांसारखी दिसतात. "पोरी, हे जरा मोठं दिसेल का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला त्यांना संकोच वाटत असावा.

या गावाला हजची वाट नवी नाही. आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे हजयात्रेकरूंचं बंदर होतं. खाडीकाठची आपली शाही मशीद विजापूरच्या एका शहजादीनं बांधली, ती मक्केला निघाली असताना इथं थांबली होती, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढं लोक मुंबईहून जेद्दाच्या जहाजानं जायला लागले. ती जहाजंही १९९५ मध्ये बंद झाली. अम्मींचे सासरे त्या जहाजानं गेलेले. म्हणून आमच्या घरी नव्या बॉक्सचा पहिला हक्क अम्मींचा, हे मी कागदावर वरच लिहून ठेवलं.

मग टीव्ही तपासला. आमचा टीव्ही ३२ इंची, साधा, स्मार्ट नसलेला. मागं एचडीएमआयचं भोक आहे, म्हणजे काम होण्यासारखं होतं. त्याच्यावर 'एचडी रेडी' असं लिहिलंय. या शब्दांचा अर्थ दुकानात कुणी सांगत नाही, तो मी थोरल्याला बरोबर घेऊन काढला. टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. आमच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. कुवेतच्या त्या बॉक्सवर तर 'एट-के' लिहिलेलं होतं. साडेदहा लाख ठिपक्यांच्या पडद्यावर ८३ लाखांचं चित्र पाठवलं, तरी दिसणार साडेदहा लाखच. पायलीच्या मापात खंडीभर भात मावत नाही. उद्या टीव्ही बदलला तरी आमच्या माजघराएवढ्या खोलीत फुल एचडी पुरून उरेल. पहिला निर्णय इथंच झाला: फोर-केचे जादा पैसे द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. आमच्याकडे ३० एमबीपीएसची जोडणी आहे. राउटर पुढच्या पडवीत, टीव्ही माजघरात, मध्ये जांभ्या चिऱ्याची जाड भिंत. आपल्या कोकणी घरांत ही अडचण बहुतेकांना असते. थोरल्यानं मोबाइलवर वेग मोजला. राउटरजवळ २८, टीव्हीपाशी ९. वाय-फायच्या दोन लहरी असतात. पाच गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढं दमणारी. २.४ ची थोडी संथ, पण भिंत ओलांडणारी. आम्ही राउटर पडवीतून दाराच्या चौकटीवर आणला, तर टीव्हीपाशी १४ मिळायला लागले. नेटफ्लिक्ससारख्या सेवा फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस लागतात असं सांगतात. म्हणजे फोर-के चालवलं असतं, तर थोरल्याचा अभ्यास आणि अब्बांचा व्हिडिओ कॉल दोन्ही अडले असते.

ज्यांच्याकडे तारेचं इंटरनेट नाही आणि जे मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात, त्यांनी एक हिशेब जरूर करावा. ५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. तासाचे ३६०० सेकंद. गुणाकार-भागाकार केला की तासाला सव्वादोन जीबी येतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक चित्रपटही पुरा होत नाही.

आता खुद्द बॉक्स. बाजारात ढोबळमानानं दोन जाती आहेत. एक, नामांकित कंपन्यांच्या स्टिक आणि बॉक्स. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आपल्याकडे २०१७ मध्ये आली. गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीवर चालणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. ॲपलचा महागडा आहे. यांना त्या त्या सेवांची रीतसर मान्यता असते. दुसरी जात, नावागावाचा पत्ता नसलेल्या 'अँड्रॉइड बॉक्स'ची. त्यात मोबाइलचंच अँड्रॉइड टीव्हीसाठी बसवलेलं असतं, आणि आवरणावर मोठमोठे आकडे छापलेले असतात.

फरक कुठं पडतो? पैसे भरून घेतलेल्या सेवा आपलं चित्र कुलूपबंद पाठवतात. वाइडवाइन नावाची एक व्यवस्था आहे, तिचा 'एल-वन' दर्जा उपकरणात असेल तरच त्या एचडी चित्र देतात. नसेल तर बहुधा ४८० ओळींचं, जुन्या डीव्हीडीसारखं चित्र मिळतं. म्हणजे आवरणावर 'एट-के' लिहिलेल्या बॉक्सवर आपण हक्काचे पैसे भरून घेतलेला चित्रपट धूसर दिसू शकतो. व्हीसीआरच्या काळी वस्तू दणकट असली की झालं. आता तिच्यामागं कोण उभं आहे, ती कुठल्या देशात चालण्यासाठी विकली आहे, तिला सुधारित आज्ञावली मिळत राहणार का, यावर सगळं अवलंबून असतं. तिकडच्या वस्तूची वॉरंटी इथं चालेलच असं नाही. प्लगही तिकडचा, चौकोनी पायांचा.

याहून गंभीर गोष्ट पुढं आहे, आणि प्रत्येक घरातल्या बाईनं ती वाचावी असं मला वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये 'टी-९५' नावाच्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक आज्ञावली भरलेली असल्याचं एका संगणकतज्ज्ञानं उघड केलं. पुढच्या तपासात असे कितीतरी बॉक्स सापडले. त्या टोळीच्या कारभाराला 'बॅडबॉक्स' असं नाव पडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं याबाबत जाहीर इशारा दिला: असा बॉक्स घरच्या वाय-फायला जोडला की त्याच्या आडून दुसरेच लोक आपलं इंटरनेट वापरून गुन्हे करू शकतात. ओळखीच्या खुणाही त्यांनी सांगितल्या आहेत. फुकट चित्रपटांचं आमिष, अनोळखी नाव, ठरलेल्या दुकानाऐवजी भलत्याच ठिकाणाहून ॲप उतरवायला सांगणं, गूगलचं संरक्षण बंद करायला लावणं. ज्या वाय-फायवर माझा बँकेचा मोबाइल चालतो, ज्यावर कुवेतहून आलेले पैसे मी पाहते, त्याच वाय-फायवर असा पाहुणा बसवायचा का? दाराला कडी लावून झोपणारी माणसं आपण.

इतकं झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. समजा बॉक्स निर्धोक निघाला, तर?

हजारो चॅनेल फुकट कसे मिळतात, याचा विचार सहसा कुणी करत नाही. ती चित्रं कुणीतरी कष्टानं बनवलेली असतात. कॅमेरा धरणारा, दिवे लावणारा, कपडे शिवणारा, अशी शेकडो माणसं त्यावर पोटं भरतात. मधला कुणीतरी ती उचलतो, त्याची यादी बनवतो आणि वर्षाचे पैसे घेऊन विकतो. म्हणजे फुकट नसतंच ते. पैसे आपण देतो, फक्त ज्याचे आहेत त्याला देत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहेच. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यातही दुरुस्ती झाली आणि चित्रपटांची चोरटी नक्कल करून दाखवणाऱ्यांना किमान तीन महिन्यांची कैद आणि तीन लाखांचा दंड ठेवला गेला. पण कायद्याची भीती हे माझं कारण नव्हतं. शेजारच्या एका घरात असा बॉक्स होता. दोन महिन्यांत चॅनेल बंद पडले, विकणाऱ्याचा फोन लागेना. तेव्हा घरातली माणसं म्हणाली, "चोरानं फसवलं." त्यातला 'चोर' हा शब्द माझ्या डोक्यात बसला.

हे सगळं मी मुलांच्या अब्बांना फोनवर सांगितलं. ऐकून ते गप्प झाले, मग जरा रागानं म्हणाले, "इथं सगळेच बघतात. मी काही पाठवायचं म्हटलं की तुला त्यात खोट दिसते."

मी वस्तूबद्दल बोलत होते, ते मात्र स्वतःबद्दल ऐकत होते. अकरा वर्षं माणूस तिकडे आहे. मुलांची शाळा, घराची कौलं, अम्मींचं ऑपरेशन, सगळं त्यांनी पाठवलेल्या पैशावर झालं, पण यातलं काही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही. माजघरात रोज सगळे ज्याच्यापुढं बसतील अशी एक वस्तू त्यांना पाठवायची होती. ती नाकारणं मलाही सोपं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हाला आठवतं, पहिल्या नोकरीत मालकानं तीन महिने पगार दिला नव्हता? तुम्ही उन्हात उभे राहायचे आणि त्याच्या इमारतीचे गाळे विकले जात होते."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "कुठला घ्यायचा म्हणतेस?"

"तुम्हीच निवडा. काय बघायचं ते मी लिहून पाठवते."

मी पाठवलेल्या कागदावरून त्यांनी दोन रात्री शोध केला आणि एक साधी फुल एचडी स्टिक ठरवली. मान्यताप्राप्त, इथल्या वॉरंटीची, बोलून शोधायचा रिमोट असलेली. किंमत चार हजारांच्या आत. पैसे त्यांनीच भरले. पार्सल दापोलीहून आमच्या दारात आलं, तेव्हा ते व्हिडिओ कॉलवर होते. खोका त्यांच्यासमोरच उघडला. कुठली वायर कुठं, हे थोरल्याला ठाऊक होतं, तरी त्यानं अब्बांना विचारून विचारून लावली.

जोडताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नये. जुन्या टीव्हीची यूएसबी अर्धा अँपियरच देते आणि स्टिक मध्येच बंद-चालू होते. सोबतचा अडॅप्टरच वापरावा. आणि एचडीएमआयची छोटी जोडवायर मिळाली तर स्टिक तिच्यावर लावावी, म्हणजे ती टीव्हीच्या पाठीमागं दडत नाही आणि वाय-फाय नीट पकडते. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की दोन्ही प्लग काढून ठेवायचे, हे तर आपल्याला सांगायला नकोच.

मुलांसाठीची कामं मी पहिल्याच दिवशी उरकली. धाकटीचं वेगळं खातं केलं, यूट्यूबचं निर्बंध असलेलं रूप चालू केलं, एक संपलं की दुसरं आपोआप लागतं ती सोय बंद केली. काही विकत घ्यायचं तर चार आकडी पिन लागते, ती फक्त माझ्याजवळ आहे. टीव्ही माजघरातच राहणार, कुणाच्या खोलीत जाणार नाही. पैसे भरून एकच सेवा घेतलीय. ती महिनाभर कुणी पाहिली नाही तर बंद करून दुसरी घ्यायची, दोन एकदम नाहीत. थोरल्यानं क्रिकेटवाली मागितली, धाकटीनं कार्टूनवाली. सध्या क्रिकेटचं राज्य आहे. परीक्षेचे दोन महिने तेही बंद, असं त्यानं स्वतः लिहून दिलंय.

अम्मींना रोमन अक्षरं वाचता येत नाहीत. त्या रिमोटचं बटण दाबून तोंडाशी धरतात आणि म्हणतात, "मक्का लाइव्ह." तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. थंडीच्या दिवसांत आपली इशा होऊन जेवणं आटोपतात, तेव्हा तिकडे मगरिबला माणसं जमलेली असतात. पहिल्या दिवशी त्या कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे बघ, ती बाई नातवाला खांद्यावर घेऊन चाललीय." मोबाइलवर त्यांना कधी एक माणूस वेगळा दिसला नव्हता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिथं जाणं वेगळंच. पण हेही बरं झालं." मुलांच्या अब्बांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. आता तेही मोबाइलवर काढलेले व्हिडिओ पाठवतात, त्यांच्या खोलीचे, समुद्राचे, शुक्रवारच्या बाजाराचे. आम्ही ते कास्ट करून मोठ्या पडद्यावर बघतो.

मोहल्ल्यातल्या बायका अजून विचारायला येतात, म्हणून मी कागदावर पाच प्रश्न लिहून ठेवलेत. घरात तो सगळ्यात जास्त कोण वापरणार, आणि त्या माणसाला रिमोट जमेल का? आपला टीव्ही किती ठिपक्यांचा आहे आणि त्याला एचडीएमआय आहे का? टीव्ही जिथं आहे तिथं इंटरनेटचा वेग किती मिळतो? बॉक्स कुणी बनवला, त्याला मान्यता आणि इथली वॉरंटी आहे का? आणि त्याच्यावर जे दिसणार, त्याचे पैसे कुणाला जातात?

पहिल्या चारांची उत्तरं मुलं काढून देतील. पाचव्याचं घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवावं, आणि मुलांना तिथून उठवू नये.